मित्रांच्या आग्रहापुढे श्रद्धा आणि तत्त्वं टिकवायची कशी?

तुमचा प्रश्न असा: देवावर श्रद्धा आहे, दारूला हात लावायचा नाही हे मनाशी पक्कं आहे, पण मित्रांनी ग्लास पुढे केला की तोंडातून 'नाही' निघतच नाही. काय करावं?

श्रद्धा कमी पडते म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा नियमच मोघम असतो. 'वाईट सवयींपासून लांब राहीन' ही झाली इच्छा. 'एका घोटानं काय होतंय' याला तिच्यात उत्तर नाही. म्हणून घरी, शांतपणे, कागदावर लिहा: बिअर, एक घोट, वाढदिवस, 'चिअर्सपुरतं', सगळं नाव घेऊन. आयुष्यभराचं झेपत नसेल तर मुदत घाला. जैन लोक पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा, ठरावीक काळापुरतंही घेतात आणि सवलती घेतानाच उच्चारतात. ऐनवेळी सवलत शोधायची सोयच राहत नाही.

गांधीजी १८८८ मध्ये इंग्लंडला निघाले तेव्हा १८ वर्षांचे होते. आईनं जाऊ द्यावं म्हणून बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ दिली. लंडनमध्ये एक मित्र मांस खाण्यावरून हुज्जत घालायचा. गांधीजी वादात हरल्याचं मान्य करायचे, पण शपथ मोडत नसत. हे नीट लक्षात घ्या: वाद हरूनही व्रत पाळता येतं. पुढे अंडं म्हणजे मांस नव्हे, हा युक्तिवाद पटून त्यांनी थोडा काळ अंडी खाल्लीही. मग विचार केला की शपथ घेतली तेव्हा आईच्या मनात मांसाचा अर्थ काय होता? त्यात अंडी येतच होती. सोडली. फट निघाली ती व्याख्येतूनच.

आता प्रत्यक्ष टेबलावर. वाक्य एकच ठेवा: 'मी पीत नाही.' 'मला चालत नाही', 'घरचे ओरडतील', 'औषध चालू आहे' यातलं काही नको. औषध पुढच्या आठवड्यात संपतं आणि घरच्यांना कळणार नाही याची हमी मित्रच देतात. दुसऱ्या, तिसऱ्या आग्रहालाही तेच वाक्य, त्याच आवाजात. दर वेळी नवं कारण दिलंत की खोडायला त्यांना नवा मुद्दा मिळतो. घरी दहा वेळा मोठ्यानं म्हणून पाहा, नुसतं मनात नको. पोहोचल्या पोहोचल्या पाण्याचा ग्लास हातात घ्या, रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो. आणि परत कधी निघायचं ते जातानाच सांगून ठेवा.

श्रद्धेचं कारण सांगावं का? कुणी मनापासून विचारलं तर एका ओळीत, न लाजता सांगा. पण त्यांचं पिणं पाप आहे असं सुनावू नका. मग ते स्वतःच्या बचावाला उतरतात आणि तुमचा साधा नकार भांडण होऊन बसतो.

एक सोबती मात्र शोधाच. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात रेघांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. गटातले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं सांगत असताना, ज्याची परीक्षा होती त्याची जवळपास एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूनं गेली. खरं बोलणारा एकच जण सोबतीला दिला तेव्हा अशा चुका खूप घटल्या. तोच सोबती मध्येच गटाकडे वळला की त्या पुन्हा वाढल्या. म्हणून 'बघू' म्हणणारा नको, स्वतःच ठाम ठरवलेला हवा. प्रार्थनागटातला, सत्संगातला, कुणीही चालेल. निघताना त्याला मेसेज, परतल्यावर पुन्हा मेसेज, एवढं पुरतं.

प्रार्थना निघण्याआधी करा, दोनच मिनिटं, पण नेमकी. 'मला बळ दे' एवढ्यावर थांबू नका. कोण ग्लास पुढे करेल, आपण काय म्हणू, तो प्रसंग देवापुढे मांडा. ऐनवेळी तेच वाक्य ओठांवर येतं.

धमकी, कोंडून ठेवणं, जबरदस्तीनं पाजणं हा मात्र आग्रह नव्हे. तिथे वाक्यं कामाची नाहीत. निघा आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा.

पाय घसरलाच तर 'आता मोडलंच आहे' म्हणून दुसरा ग्लास घेऊ नका. सगळ्यात जास्त नुकसान त्या दुसऱ्या ग्लासानं होतं. त्याच रात्री देवापुढे कबूल करा, सोबत्याला कळवा आणि कागद काढून बघा कुठला शब्द सैल राहिला होता. तो दुरुस्त करून पुढच्या भेटीआधी पुन्हा मोठ्यानं वाचा.