हवामान न्यायाच्या चळवळीत काळजीच्या कामाला स्थान कोणते?

स्वयंपाक, मुलांचे संगोपन, आजाऱ्यांची शुश्रूषा ही घरातली काळजीची कामे हवामान न्यायाच्या, म्हणजे हवामान बदलाचा भार न्याय्यपणे वाटला जावा असे म्हणणाऱ्या, चळवळीत कशासाठी आणायची, आणि ती आणल्याने कोळसा व तेल हा मूळ मुद्दा मागे पडणार नाही का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे अशा एका गटात काम करते आहे आणि त्यातली चार वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषाही करत होते. त्यातून माझे मत असे झाले आहे की काळजीचे काम चळवळीच्या मागण्यांच्या गाभ्याशी असायला हवे. मात्र त्याचे गुणगान करून भागणार नाही, ते कोण करते आणि त्यात किती वेळ जातो याचा हिशेब मांडावा लागेल.

उष्णतेच्या लाटेचेच पाहा. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते, काही औषधांमुळे शरीरातले पाणी आणखी कमी होते, आणि बोलण्यात गोंधळ दिसू लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. आईला थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजणे, ओल्या फडक्याने अंग पुसणे, ती विचारलेल्याचे नीट उत्तर देते आहे ना हे पाहणे, एवढेच माझे काम होते. पण ते सोडून कुठे जाता येत नसे. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांपैकी सुमारे १५ हजार फ्रान्समध्ये, आणि त्यांत वृद्धच बहुसंख्य होते. त्यानंतर फ्रान्सने २००४ मध्ये कायदा करून दोन गोष्टी केल्या. एकाकी वृद्धांना व अपंगांना आपले नाव नगरपालिकेकडे नोंदवता येऊ लागले, म्हणजे उष्णतेचा इशारा मिळताच त्यांची विचारपूस व्हावी. आणि त्यांच्या देखभालीसाठी निधी उभा राहावा म्हणून नोकरदारांनी वर्षातला एक दिवस जादा वेतनाविना काम करायचे व मालकांनी त्याबदल्यात ठरावीक अंशदान भरायचे, अशी व्यवस्था झाली. या दुसऱ्या तरतुदीला कामगार संघटनांनी विरोध केला आणि तो मला रास्त वाटतो, कारण भार पुन्हा श्रम करणाऱ्यांवरच आला. तरीही हवामानाच्या आपत्तीतून देखभालीच्या खर्चाचा प्रश्न थेट उभा राहतो, हे तिथल्या सरकारला मान्य करावे लागले.

बहुतेक ठिकाणी हा खर्च कुणाच्या खाती पडतच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांतील वेळवापराच्या पाहण्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार दररोज १,६४० कोटी तास बिनपगारी काळजीचे काम होते आणि त्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा स्त्रिया उचलतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालानुसार घरी पाण्याची सोय नसलेल्या दर १० कुटुंबांपैकी ७ कुटुंबांत पाणी आणण्याची मुख्य जबाबदारी स्त्रिया व मुलींवर असते. जवळचा झरा आटला की खेप लांबते, आणि तो वाढलेला वेळ नुकसानीच्या कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

आता कोळशाविषयी. खाण बंद होताना कामगारांच्या भरपाईचा आणि नव्या रोजगाराचा विचार होतो, तो व्हायलाच हवा. परंतु खाणीतल्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या माणसाला जिने वर्षानुवर्षे सांभाळले, तिचा त्या वाटाघाटीत उल्लेखही नसतो. शिवाय रुग्णसेवा, बालसंगोपन, वृद्धांची देखभाल या कामांतून हवामान तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन तुलनेने फार कमी होते, त्यामुळे नवा रोजगार कुठे निर्माण करायचा याचे एक उत्तर तिथेच आहे, अर्थात वेतन पोट भरण्याइतके असेल तर. स्त्रियांच्या अंगी माया उपजतच असते असे म्हणून हे काम स्वस्तात करून घ्यायचे असेल, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही. आणि चळवळीतलीच माणसे असे बोलतात तेव्हा मला फार वाईट वाटते.

आमच्या गटातही हेच घडत होते. बैठका संध्याकाळी असत, इतिवृत्तात भाषणे करणाऱ्यांची नावे असत, आणि जेवण, मुले, अटकेतून सुटून आलेल्यांची विचारपूस हे सारे तीन-चार जणींकडे असे. त्यांतल्या दोघींनी येणे थांबवले तेव्हा आम्ही पाळ्या लावल्या, त्यांतून प्रवक्त्यांनाही सूट दिली नाही, बैठकीची वेळ बदलली आणि बैठकीच्या वेळी मुलांना सांभाळण्याचे काम आळीपाळीने वाटून घेतले. निर्णय घ्यायला जास्त वेळ लागू लागला आणि काही जण नाराज झाले. थांबलेल्यांपैकी एक परत आली.

तरीसुद्धा गटातल्या पाळ्यांनी बाहेरचा भार हलका होत नाही. त्यासाठी सार्वजनिक पैसाच लागतो. म्हणून आमच्या मागणीपत्रात उत्सर्जनकपातीच्या शेजारीच आता पाळणाघरे, घरापर्यंत पाणी, शुश्रूषा करणाऱ्यांना वेतन आणि उष्णतेच्या दिवसांत एकट्या वृद्धांकडे फेरी मारणारे पगारी कर्मचारी, अशा चार मागण्या लिहिलेल्या आहेत.