घरात तीन पिढ्या शुगर, मुलगा सडपातळ : जनुकीय अभ्यासासाठी रक्त द्यावं का?

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या ताईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं. मुलगा २३ वर्षांचा, उंची १७० सेंटिमीटर, वजन ५८ किलो, ऐरोलीत रात्रपाळीची नोकरी. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १२८, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.७. मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा सुरू झाली, चार महिन्यांनी आकडे जवळपास तेच. ताईंना स्वतःला २९व्या वर्षी गरोदरपणात साखर निघाली, आज वय ५२, दोन गोळ्या चालू, एचबीएवनसी इतकी वर्षं ६.८-६.९ च्या आसपास. ताईंच्या वडिलांनाही साखर होती. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयातला संशोधन गट मधुमेहाची जनुकं आणि व्यक्तिनिहाय उपचार यांवर अभ्यास करतो आहे, त्यांनी सगळ्या घराचं रक्त मागितलं आहे. शिवाय एका कंपनीचं लाळेवरून ‘डायबेटिस जीन टेस्ट’ करायचं किट घरी मागवावं का, हाही प्रश्न आहे.

किटचं आधी सांगते. मागवू नका. त्या चाचण्या बहुतेक वेळा शेकडो जनुकीय फरकांची बेरीज करून ‘तुम्हाला टाइप २ (सर्वत्र आढळणारा नेहमीचा मधुमेह) होण्याचा धोका किती’ हे सांगतात. त्यातला सगळ्यात ठळक फरक टीसीएफ७एल२ या जनुकातला, २००६ साली सापडलेला. त्याची एक प्रत असली की धोका साधारण दीडपटीच्या आतच वाढतो. हे हिशेब मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बसवलेले आहेत, आपल्याकडे ते कमी अचूक ठरतात. आणि ज्याला साखर आधीच निघाली आहे, त्याला ‘धोका जास्त’ हे कळून त्याची एकही गोळी बदलत नाही.

तुमच्या घरात प्रश्न वेगळा आहे. अनेक जनुकांच्या बेरजेतून येणारा मधुमेह आणि एकाच जनुकातल्या बिघाडाने येणारा मधुमेह या दोन निराळ्या गोष्टी. दुसऱ्या प्रकाराला ‘मोडी’ म्हणतात. (आपल्या जुन्या लिपीशी संबंध नाही, इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव.) आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. इथे मात्र आपल्याकडे एक गल्लत नेहमी होते: ‘तीन पिढ्या शुगर, मुलगा बारीक, म्हणजे मोडीच.’ युरोपात हा तर्क बराच चालतो, ठाण्यात नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या पाहणीनुसार देशात मधुमेही १०.१ कोटी आहेत. साध्या टाइप २ च्या घरांतही तीन पिढ्या सहज सापडतात. बारीकपणाचंही तसंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत की भारतीय शरीर वजनकाट्यावर हलकं दिसलं तरी आत चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. म्हणून आपल्याकडे २३ च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) गेला की वजन जास्त धरतात आणि पुरुषांत कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी असं सांगतात. मुलाचा बीएमआय २० येतो, तरी बेंबीच्या पातळीला टेप लावून कंबर मोजा. आणि तरुणपणी मधुमेह झालेल्या पुण्यातल्या रुग्णांच्या अभ्यासात सगळ्यात मोठा गट इन्सुलिन कमी पडणाऱ्यांचा निघाला, तोही मोडी नसताना. त्यामुळे मला तुमच्या माहितीत वजनापेक्षा, पिढ्यांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: २३ वर्षं तुमची साखर हललेली नाही.

साधा टाइप २ असा थांबून राहत नाही. तो हळूहळू चढतो, गोळ्या वाढत जातात. उपाशीपोटी ९९ ते १४४ च्या पट्ट्यात वर्षानुवर्षं स्थिर, गोळी दिली तरी तीच आणि वाढवली तरी तीच, हे चित्र जीसीके जनुकाच्या मोडीचं असतं. हे जनुक ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम बनवतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना रक्तात साखर किती आहे हे त्यातून कळतं. त्यात बिघाड असला की पेशी इन्सुलिन व्यवस्थित सोडतात, फक्त थोड्या उशिरा, वरच्या आकड्यावर. शरीराने ९० ऐवजी १२० ला ‘बरोबर’ मानलेलं असतं. म्हणून मेटफॉर्मिनने खाली ढकलायला जावं तर शरीर पुन्हा आपल्या आकड्यावर येतं. चाळिशीच्या आत एचबीएवनसी साधारण ५.६ ते ७.३, त्यानंतर ७.६ पर्यंत, त्यापलीकडे सहसा जात नाही. तुमचे दोघांचे आकडे त्यात बसतात. २०१४ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात अशा ९९ जणांचा अभ्यास आला होता. सरासरी ४८ वर्षांहून जास्त काळ साखर वर असूनही डोळे, मूत्रपिंड, हृदय यांचे गंभीर त्रास त्यांच्यात निरोगी माणसांपेक्षा फारसे जास्त नव्हते. म्हणून गरोदरपण सोडलं तर या प्रकाराला सहसा गोळ्याच लागत नाहीत.

हा अंदाज आहे, निदान नव्हे. गोळ्या आज बंद करू नका.

जनुकाच्या आधी स्वस्तातल्या तपासण्या नीट करून घ्या, कारण चुका बहुतेक तिथेच होतात. पहिली गोष्ट म्हणजे ‘उपाशीपोटी’चा अर्थ. रात्रपाळी संपवून सकाळी सातला ऐरोलीहून परत येताना दिलेलं रक्त उपाशीपोटीचं धरता येत नाही. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये जेवण, मग चहा-बिस्कीट झालेलं असतं. सुट्टीच्या दिवशी, किमान एक रात्र नीट झोपून, आठ ते बारा तास पाण्याशिवाय काही न घेता द्या. दुसरी गोष्ट नळीची. साखरेसाठी राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळीच हवी. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते. फ्लोराइडचाही परिणाम सुरू व्हायला तास-दोन तास लागतात. मे महिन्यात घरून गोळा केलेला नमुना घोडबंदर रोडच्या गर्दीत दोन तास पिशवीत राहिला तर १२८ चे ११५ दिसू शकतात, आणि तुमच्यासारख्या काठावरच्या आकड्यांत एवढ्या फरकाने सगळा अर्थ बदलतो. शक्यतो लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या.

मग ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी. आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण, पोळीभात सगळं. श्रावणातला किंवा नवरात्रातला उपास चालू असताना ही चाचणी करू नका. पिठूळ पदार्थ कमी खाल्लेले असले की दोन तासांचा आकडा उगाच वर जातो. पाकिटावर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलं असेल तर ८२.५ ग्रॅम लागतात, हे लॅबवाल्यांना विचारायला संकोच करू नका. जीसीके असेल तर उपाशीपोटीच्या आकड्यात दोन तासांनी पडणारी भर बहुतेकांत ५४ पेक्षा कमी असते. १२८ वरून १६५ झाले तर संशय वाढतो, २६० झाले तर दुसरीकडे बघायचं.

दुसरीकडे म्हणजे कुठे? आधी टाइप १ वगळायचा, म्हणजे शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर हल्ला करतं तो मधुमेह. त्याची खूण असलेली जीएडी अँटिबॉडी रक्तात तपासा. ती नकारात्मक असून शंका राहिली तर आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या तशाच आणखी दोन अँटिबॉडी. सी-पेप्टाइड म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं त्याचा हिशेब. तो नेहमी त्याच वेळच्या साखरेबरोबर मागवा. साखर १४४ च्या वर असताना घेतलेला आकडा वाचायला सोपा जातो. ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर इन्सुलिन फारच कमी आहे, १.८ च्या वर असेल तर पुरेसं आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा आकडा खोटा वाढतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) हवं. नमुना उन्हात राहिला तर मात्र उलट, खोटा कमी येतो.

रक्तात साखर फार नसताना लघवीत साखर दिसली तर एचएनएफ-१ए या जनुकाचा विचार करतात, कारण त्यात मूत्रपिंड साखर लवकर सोडून देतं. अट एकच, डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू नसावी, कारण ती गोळीच लघवीत साखर पाडते. हा प्रकार ओळखणं फार मोलाचं आहे. तो जीसीकेसारखा निरुपद्रवी नाही, साखर चढत जाते, डोळे-मूत्रपिंडं बिघडतात. पण ग्लिक्लाझाइडच्या गटातल्या गोळ्यांना तो विलक्षण दाद देतो. २००३ च्या एका छोट्या अभ्यासात अशा रुग्णांची उपाशीपोटीची साखर मेटफॉर्मिनच्या पाचपट ग्लिक्लाझाइडने उतरली होती. नेहमीच्या डोसने साखर धाडकन खाली जाते, म्हणून सुरुवात साधारण पाव डोसने करतात, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

एचबीएवनसीवर डोळे झाकून विसंबू नका. लोह कमी असलं की तो खोटा वाढतो. जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असली की खोटा कमी येतो आणि थॅलेसेमिया मायनरमध्ये (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचं वाहक असणं) चाचणीच्या पद्धतीनुसार भरकटतो. उल्हासनगरच्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत, शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे. घरात असं काही असेल तर हिमोग्लोबिन, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी चाचणी) बघूनच तो आकडा वाचा.

एक शंका तुमच्या माहितीतूनच मिटते. आईकडून मुलाला आलेला मधुमेह म्हटलं की मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या) जनुकाचा विचार येतो. त्यात सोबत ऐकू कमी येतं, आणि मेटफॉर्मिन टाळतात. पण मायटोकाँड्रिया फक्त आईकडूनच मिळतात. तुमचा मधुमेह तुमच्या वडिलांकडून आलेला असेल तर ही वाट बंद. तुमच्या आईलाही साखर होती का, आणि आईवडिलांपैकी कोणाला लवकर ऐकू कमी येऊ लागलं, एवढं विचारून ठेवा. शंका उरलीच तर लघवीचा नमुना रक्तापेक्षा चांगला. रक्तातलं त्या बिघाडाचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं.

आता संशोधन गटाचं. माझं मत: द्या, पण कागद वाचून. भारतीय घरांचे असे नमुने खरोखरच कमी आहेत आणि त्याचा फटका आपल्यालाच बसतो. जनुकात फरक सापडला की तो रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी अशा पाच खणांपैकी एकात टाकतात. भारतीयांची माहिती तोकडी असल्याने आपले कितीतरी फरक मधल्या, अनिश्चित खणात अडकतात. जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जीनोम (जनुकांचा संपूर्ण संच) वाचल्यावर हे थोडं सुधारतं आहे. ‘अर्थ अनिश्चित’ असा अहवाल आला तर त्यावरून कोणतीही गोळी चालू किंवा बंद करायची नसते. अशा वेळी घरातल्या साखर असलेल्या आणि नसलेल्या दोघांचं रक्त तपासून तो फरक रोगाबरोबर फिरतो का ते बघतात. सगळ्या घराचं रक्त मागतात ते यासाठी, त्यात वावगं काही नाही.

सही करण्याआधी हे विचारा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, संमतीपत्र मराठीत आहे का. मुलगा सज्ञान आहे, सही त्याचीच, तुमची त्याच्या वतीने चालत नाही. निकाल आम्हाला कळवणार का, की फक्त अभ्यासात वापरणार? बऱ्याच अभ्यासांत निकाल व्यक्तीला देत नाहीत आणि लोक वर्षभर वाट बघत बसतात. देणार असतील तर तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नव्या नमुन्यावर पुन्हा पक्का करणार का, हेही विचारा; संशोधनातला नमुना अदलाबदल होऊ शकतो, त्यावर आयुष्यभराचं औषध ठरवू नये. कोणकोणती जनुकं बघणार? नेहमीच्या क्रमवाचनात (जनुकाची अक्षरं ओळीने वाचण्यात) एचएनएफ-१बी या जनुकाचा अख्खा तुकडा गळालेला असला तर तो निसटू शकतो, त्याला वेगळी चाचणी लागते. घरात कोणाला मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी असतील तर हे मुद्दाम सांगा. नमुना परदेशी जाणार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. कुटुंबाच्या नमुन्यांतून नात्यांबद्दल नको ते उघड होऊ शकतं, ते सांगायचं की नाही हे आधी ठरलेलं असावं. मधेच माघार घेता येते का आणि नमुना नष्ट करतात का, हे लेखी घ्या. अभ्यासासाठीच्या चाचणीचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. मागितले तर तो अभ्यास नव्हे, विक्री आहे.

रक्त द्यायचं ते जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत, तीन ते पाच मिलिलिटर. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. जाताना तुमचे जुने अहवाल, विशेषतः गरोदरपणातले आणि मधल्या वर्षांतले, तारखांसकट एका कागदावर उतरवून न्या. माझ्या मते तोच तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. मुलाचं जन्मावेळचं वजनही लिहा. चार किलोच्या वर असेल आणि जन्मल्यावर साखर उतरली असेल तर एचएनएफ-४ए या जनुकाकडेही बघतील.

तुम्हाला मुलगी आहे असंही तुम्ही लिहिलं आहे, वय २७. तिची उपाशीपोटीची साखर आत्ताच करून घ्या, तिला दिवस जाण्याची वाट बघू नका. १०० च्या वर आली तर तिचाही नमुना द्या. जीसीके असलेल्या आईच्या पोटातल्या बाळाला ते जनुक आलेलं असेल तर बाळ आईची साखर ‘बरोबर’ धरून नीट वाढतं, आणि तेव्हा इन्सुलिनने ती दाबली तर उलट बाळ लहान राहण्याची भीती. जनुक आलेलं नसेल तर तीच साखर बाळाला जास्त पडते, ते मोठं होतं आणि तेव्हा इन्सुलिन द्यावं लागतं. म्हणून अशा गरोदरपणात २६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर बघून निर्णय घेतात. तिच्या डॉक्टरांना हे पहिल्या भेटीतच माहीत असायला हवं, त्यासाठी तुमचा आणि मुलाचा निकाल तिच्या फाइलमध्ये लावून ठेवा.