पॅड नवे, तरी कूलरचा वारा कोमट का?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. हॉलमध्ये लोखंडी कूलर आणि बेडरूममध्ये दीड टनाचा एसी आहे. मागच्या उन्हाळ्यात कूलरला नवे पॅड बसवले, तरी दुपारी वारा कोमटच येत होता. कूलरला हात लागला की कधीकधी झिणझिण्याही येतात. एसीत दरवर्षी मार्चमध्ये गॅस भरावा लागतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही कूलरमध्ये ओततो. यंदा ऊन तापायच्या आत काय काय करून घ्यावं? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही झिणझिण्यांचं ओझरतं लिहिलंय. मी आधी तेच घेतो. अर्थिंगची खात्री होईपर्यंत तो कूलर लावूच नका. लोखंडी बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी आणि माणूस अनवाणी, यातून जीव जातो. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. कूलर दुरुस्तीला आला की वारा नंतर बघतो, आधी त्याची वायर आणि थ्री-पिन तपासतो. बऱ्याच घरांत तिसरी पिन असते, पण भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. टेस्टर लावून हे कळत नाही. वायरमनला फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगा. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. विजेची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डाही आतून कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

आता कोमट वाऱ्याचं. पॅड नवे आहेत, पण ते पूर्ण भिजतात का? पंप सुरू करा, पंखा बंद ठेवा आणि थोड्या वेळाने बाजूच्या जाळ्या काढून पॅडवर हात फिरवा. कुठेतरी कोरडे पट्टे सापडतील. वरच्या पन्हाळीची भोकं क्षारांनी बुजली की तिथून पाणी उतरत नाही, आणि हवा नेमकी त्या कोरड्या जागेतून, गरमच्या गरम आत येते. सायकलच्या स्पोकने भोकं मोकळी करा, पंपाची जाळी घासा. पंखाच हळू फिरत असेल तर कॅपॅसिटर बदलून बघा, तो स्वस्तात मिळतो.

आरओचं पाणी मात्र कूलरमध्ये बंद करा. पाणी वाचवायची तुमची तळमळ मला पटते. पण आरओ जे बाहेर टाकतो, त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, आणि पॅडवर पांढरा थर चढतो. ते पाणी फरशी पुसायला, अंगण धुवायला वापरा. कूलरला नळाचं द्या. बोअरचंच द्यावं लागत असेल तर टाकी वारंवार पूर्ण रिकामी करा, जुन्यावर नवं ओतत राहू नका. एसीच्या नळीतून पडणारं पाणी साठवत असाल तर ते कूलरला उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात. हनीकोंब पॅडवर थर चढलाच असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने धुवा. संडासाचं ॲसिड लावू नका, पॅड आणि पत्रा दोन्ही खलास होतात. आणि आठवड्यातून एकदा टाकी ब्रशने घासून कोरडी करायचीच. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून घेतल्या की खोलीत दमट हवा कोंडते आणि अंग चिकचिकतं.

एसीचं म्हणाल तर गॅस हा काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दरवर्षी कमी पडतोय म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे पैसे हवेत सोडणं. यंदा मेकॅनिकला स्पष्ट सांगा : आधी नायट्रोजनने प्रेशर द्या, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती शोधा, ती बंद करा, मग पंपाने नळ्यांतली हवा ओढून (व्हॅक्यूम करून) गॅस वजनावर भरा. किती ग्रॅम भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पण या सगळ्याआधी फिल्टर धुऊन बघा. धुळीने गच्च फिल्टरमुळेही कॉइलवर बर्फ धरतो आणि गॅस कमी झाल्यासारखं वाटतं. बाहेरचं युनिट गच्चीवर पश्चिमेच्या उन्हात असेल तर वर सावली करा, समोरची हवा अडवू नका. रिमोट १८ वर नेऊन खोली लवकर गार होत नाही. २५-२६ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा.

गीझर आता बंद होईल. कॉइल काढून क्षार साफ करायला हेच दिवस चांगले. ॲनोड रॉड, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी, झिजला असेल तर बदला.

प्रश्न : गावात आमचं जुनं माळवदाचं घर आहे. आई-वडील थकलेत. त्यांच्यासाठी एसी घ्यावा का? (एक वाचक)

उत्तर : आधी कूलर घ्या. माळवदाची जाड माती दुपारचं ऊन सहज आत येऊ देत नाही, स्लॅबच्या घरापेक्षा तुमचे आई-वडील जास्त सुखात आहेत. हवा कोरडी आहे तोवर कूलर चांगलं काम देतो. वळीव पडून दमटपणा वाढला की त्याचा जोर ओसरतो. तो मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते. पुढे त्यांच्या प्रकृतीसाठी एसी लागलाच, तर मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाइन आणि वेगळा एमसीबी घ्या. जुन्या वायरिंगवर तो चालवू नका. बाहेरचं युनिट माळवदावर ठेवू नका. त्याचा भार आणि थरथर मातीच्या छताला सोसत नाही. अंगणात विटांचा ओटा करून त्यावर बसवा.