शाळेच्या मुक्कामी शिबिराला किती शिक्षक न्यावेत?

प्रश्न: आमच्या शाळेची सहावी-सातवीची पन्नासेक मुलं-मुली डिसेंबरात जांबोटी भागात एका रात्रीच्या मुक्कामाला न्यायची आहेत. किती शिक्षक पुरतील? रात्री लक्ष कसं ठेवायचं? काही पालक यायला तयार आहेत, त्यांना घ्यावं का?

उत्तर:

दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि वर एक असा, ज्याच्याकडे कुठलाच गट नाही. म्हणजे तुम्हाला सहा. त्यात निदान तिघी बाई हव्यातच. ड्रायव्हर आणि स्वयंपाकाची माणसं यात धरायची नाहीत. आकड्याचं उत्तर एवढंच. पण सहा न्या नाहीतर सोळा न्या, रात्री दोन वाजता त्यातलं जागं कोण हे नावानिशी ठरलेलं नसेल तर सगळे झोपलेले असतात. "आपण सगळेच आहोत की लक्ष ठेवायला!" हे वाक्य स्टाफ मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी म्हटलं तर माझं डोकं उठतं.

कणकुंबीच्या रस्त्यावर एका गावच्या शाळेत आमचं शिबिर होतं. सुगी उरकलेली, कडाक्याची थंडी, रात्रभर अधूनमधून गोव्याकडे जाणारे ट्रक. मुली एका वर्गात, मुलगे मोठ्या हॉलमध्ये सतरंज्यांवर. शेकोटी झाली, गाणी झाली, गावातली पोरंही येऊन बसली होती. दहाच्या सुमाराला हेडमास्तरांनी बॅटरी घेऊन दोन्हीकडची डोकी मोजली. शेचाळीस आणली होती, शेचाळीस भरली.

मी म्हटलं, "सर, एकदा नावं घेऊ या."

"बाई, मोजली की मी! आता झोपू दे पोरांना."

मी वही काढली आणि नावं घेतलीच. ज्याचं नाव त्यानेच 'हजर' म्हणायचं, शेजाऱ्याने म्हणायचं नाही. मुलींचं झालं. मुलग्यांत सातवीतल्या एका नावाला उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं, तरी नाही. मग एकेकाच्या तोंडावरचं पांघरूण काढायला लावलं, तर भिंतीकडच्या रांगेत एक अनोळखी चेहरा. स्वयंपाकाला आलेल्या मावशींचा नातू! शेकोटीला बसला होता, तिथेच आमच्या पोरांत झोपला. आमचा एक गेला, गावचा एक आला आणि बेरीज जुळली.

पुढचा पाऊण तास कसा गेला ते मलाच ठाऊक. भीमगडचं अभयारण्य तिथून फार लांब नाही, त्या पट्ट्यात अस्वलांचा वावर आहे. फोनला रेंज नव्हती. गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन शेताकडे गेली, एक सर आणि ड्रायव्हर क्रूझर घेऊन रस्त्याने. मुलगा सापडला पुढच्या फाट्यावरच्या बस स्टॉपच्या शेडमध्ये, स्वेटरचे हात ओढून बाकावर बसलेला. रात्र तिथे काढून उजाडायच्या आत परत यायचा त्याचा बेत होता.

कारण त्याने मला सांगितलं, तेही बाकीचे लांब गेल्यावर. त्याला अजून अंथरुणात लघवी व्हायची. दोन्ही बाजूंना वर्गातली पोरं, सकाळी सगळी हसणार. त्याची बॅग उघडली तर कपड्यांच्या खाली खताच्या पोत्याचं प्लास्टिक, धुऊन चौकोनी घडी घालून ठेवलेलं. आईला माहीत होतं. पण आम्ही घरी पाठवलेल्या फॉर्मवर पैसे किती, तारीख कुठली आणि पालकांची सही, एवढंच. तो फॉर्म हेडमास्तरांनी केलेला. औषधं, फिट येणं, दमा, झोपेत चालणं, अंथरुण ओलं होणं यांच्या रकान्यांना त्यांनी "पालक घाबरतात" म्हणून काट मारली होती. पालक घाबरत नाहीत हो. कुणीतरी विचारतंय म्हणून त्यांना बरंच वाटतं. हे रकाने घाला, आणि तो कागद वर्गशिक्षकाने स्वतः गोळा करावा, मुलांच्या हातून उघडा फिरू नये. अशा मुलाला दाराजवळ जागा द्या आणि रात्रीच्या पाळीवरच्या माणसाने, जोडीदाराच्या नजरेसमोर, त्याला बारा वाजता आणि तीन वाजता हळूच उठवून नेऊन आणायचं. एवढंच करायचं असतं.

शिबिराच्या अहवालात "शिबिर सुरळीत पार पडले" असं लिहिलं गेलं. वर मीटिंगमध्ये मलाच ऐकवलं की बाईंनी गावासमोर शाळेची अब्रू घालवली. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, गाव उठवलं ते बरोबरच केलं. नाव घेतलं नसतं तर ते पोर रात्रभर थंडीत त्या शेडमध्ये बसलं असतं, आणि आम्हाला कळलं असतं सकाळी.

म्हणून तुमच्यासाठी: दहा ते एक, एक ते चार, चार ते उजाडेपर्यंत अशा पाळ्या लावा. प्रत्येक पाळीला दोघं, नावं कागदावर, कागद भिंतीवर. मुलींच्या खोलीच्या पाळीला बाईच. रात्री कुठल्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला घेऊन कुठे जायचं नाही, दोघं तरी हवीत, निदान दुसऱ्याच्या नजरेसमोर तरी. यात मुलाचंही रक्षण आहे आणि शिक्षकाचंही. मधल्या पाळीवाल्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी झोपायला वेळ द्या, नाहीतर ते पाण्याच्या काठावर उभ्या उभ्या पेंगतील. पाण्याचं तर विचारूच नका. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला आपल्या बेळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे आठ जण समुद्रात बुडून गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मुरडेश्वरला मुळबागलच्या वसतिशाळेच्या चार मुली तशाच बुडून गेल्या. शाळेची सहल, दिवसाउजेडी. नदी, धबधबा, धरण, काहीही असो, मुलं घोट्याच्या वर पाण्यात उतरणार नाहीत. मुलं रुसली तर रुसू देत.

गाडी रात्रभर तिथेच उभी हवी. भाडं वाचवायला गाडी परत पाठवून सकाळी बोलावतात, ते करू नका. ड्रायव्हरला नीट झोपू द्या, पण तो कुठे झोपलाय ते पाळीवाल्याला माहीत असू द्या. १०८ ला फोन लावायचा तर रेंज कुठे येते ते दिवसाउजेडी बघून ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा ना दुखतं ना सुजतं. पहाटे एखादं मूल पोटात दुखतंय म्हणालं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर ओवा देऊन झोपवू नका. सरळ गाडीत घालून खानापूरला किंवा बेळगावला सिव्हिलला न्या. अंथरुणं भिंतीपासून थोडी लांब घाला, आणि मच्छरदाणी असेल तर कडा अंथरुणाखाली खोचा.

हे सगळं शाळेच्या इमारतीतला मुक्काम धरून सांगतेय. तंबू असतील तर माणसं वाढवा, एका नजरेत सगळे येत नाहीत. जंगलखात्याच्या हद्दीत जाणार असाल तर त्यांची परवानगी वेगळी, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची वेगळी. आणि आमचे हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, गरीब पोरांची फी ते स्वतःच्या खिशातून भरायचे. पण पोरांवर जीव असणं वेगळं आणि हजेरी घेणं वेगळं. हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

पालकांना घ्या, पण त्यांच्या मुलाचा गट त्यांना देऊ नका आणि रात्रीच्या पाळीला पालकासोबत शिक्षक हवाच. सहा मोठ्यांत दोनपेक्षा जास्त पालक नकोत. मुलांचे झोपलेले फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे गाडी सुटायच्या आधीच सगळ्यांना सांगा.