ॲस्ट्रोसाइट म्हणजे नुसती भेगा बुजवायची लांबी?

तुमचा प्रश्न असा: मेंदूचं रक्षण मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) करतात, ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या चांदणीसारख्या पेशी) फक्त आधार देतात असं पुस्तकात वाचलं, मग मेंदूच्या दाहात त्यांचं नाव सारखं का येतं? आणि ए१ प्रकारचे ॲस्ट्रोसाइट वाईट, ए२ चांगले, असं एका लेखात वाचलं, हे खरं का?

'आधार' ही फार जुनी समजूत. फिर्खो या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १८५६ मध्ये या पेशींच्या जाळ्याला जे जर्मन नाव दिलं, त्याचा अर्थ सुतार भेगा बुजवायला वापरतो ती लांबी! ती समजूत पुढे कित्येक वर्षं चिकटून राहिली.

मी पॅथॉलॉजीत आहे. मेंदूतल्या गळवाच्या कडेचा तुकडा जीएफएपी या ॲस्ट्रोसाइटमधल्या प्रथिनासाठी स्टेन केला, की स्लाइडवर निळसर पार्श्वभूमीवर तपकिरी चांदण्या दिसतात, तेच ॲस्ट्रोसाइट. गळवापासून लांब त्या बारीक, विरळ. कडेला येऊ तसतशा जाडजूड होतात, फांद्या एकमेकींत अडकतात, आणि काहींचं पोट तर असं फुगतं की केंद्रक एका बाजूला ढकललं जातं. आणखी एक गोष्ट शोधून बघा: एखादी फांदी लांब जाऊन रक्तवाहिनीवर पाय रोवून बसलेली असते. असे असंख्य पाय मिळून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना जवळजवळ पूर्ण वेढतात. रक्तातली पांढरी पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडली तरी पुढे हे दुसरं कुंपण असतंच.

हे कुंपण मुकं नाही. विषाणूची चाहूल लागली की ॲस्ट्रोसाइट इंटरफेरॉन ही विषाणूशी लढणारी प्रथिनं सोडतात, सीसीएल२ आणि सीएक्ससीएल१० सारखे रासायनिक सांगावे धाडतात, आणि त्या हाकेवर रक्तातल्या मोनोसाइट व टी पेशी या पांढऱ्या पेशी आत येतात. म्हणजे अडवणारा तोच आणि बोलावणाराही तोच. मला विचाराल तर या पेशीचं सगळं मर्म इथे आहे.

आता ए१-ए२. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लिडलो आणि बॅरस यांनी दाखवलं, की चेतलेले मायक्रोग्लिया आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू असे तीन रेणू सोडतात, आणि त्यांच्या माऱ्याने ॲस्ट्रोसाइट चेतापेशींनाच मारक बनतात. अशांना त्यांनी ए१ म्हटलं. काम उत्तम, पण 'ए१ म्हणजे खलनायक' हे लेबल लोकांनी सरसकट डकवायला सुरुवात केली. शेवटी २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या बऱ्याच संशोधकांनी एकत्र येऊन लिहिलं, की ही दोन खात्यांची वाटणी सोडा. आजार, मेंदूचा भाग आणि वेळ यांनुसार ॲस्ट्रोसाइट अनेक रूपं घेतात. तुम्ही वाचलेला लेख बहुधा त्याआधीचा असावा.

ॲस्ट्रोसाइट वाईट आहेत तर काढूनच टाकू, हा प्रयोगही झालाय. सोफ्रोन्यू या संशोधकाच्या गटाने २००४ मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांत, जखमेभोवती वाढणारे ॲस्ट्रोसाइट मारले. दाह जखमेपुरता न राहता आजूबाजूला पसरला, धडधाकट चेतापेशीही गेल्या. सुक्याबरोबर ओलंही जळालं. याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की जखमेभोवती ॲस्ट्रोसाइटचा व्रण होऊ दिला नाही तरी तुटलेले चेतातंतू काही आपोआप वाढत नाहीत. आम्हाला कॉलेजात नेमकं उलट शिकवलं होतं.

कुंपणच मोडलं तर काय होतं, हे माणसांत बघायचं असेल तर एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा आजार बघा. दृष्टी अचानक जाते, पाय लुळे पडतात. त्यामुळे कित्येक वर्षं तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच (एमएस) प्रकार समजला जाई. २००४-०५ मध्ये कळलं, की यात शरीराचे प्रतिपिंड ॲक्वापोरिन-४ वर, म्हणजे ॲस्ट्रोसाइटच्या त्या पायांवरच्या पाण्याच्या दारांवर हल्ला करतात. आधी ॲस्ट्रोसाइट मरतो, मायलिनची, म्हणजे चेतातंतूंवरच्या वेष्टणाची, पडझड त्यामागून.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. एमएससाठी दिली जाणारी बीटा इंटरफेरॉनची इंजेक्शनं एनएमओत आजार वाढवू शकतात. म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, वर पखाल फाटते ती वेगळीच. म्हणून शंका आली की न्यूरॉलॉजिस्ट रक्तातली ॲक्वापोरिन-४ अँटीबॉडी तपासायला पाठवतात. रिपोर्टची वाट बघत स्टेरॉइड लांबवत नाहीत. रक्ताचा नमुना मात्र प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलायचा उपचार करायच्या आधी घेतलेला बरा, नाहीतर प्रतिपिंड धुतले जाऊन रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.