फळ्यावरचं लाल नाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर कर्जवसुलीच्या कामाबद्दल म्हणालास, "काका, मीच कमी पडतोय." ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर असताना मी एक शहाणपणा केला होता. खात्यात फळा लावला. आठवड्यात ज्याचं रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, जास्त, त्याचं नाव लाल खडूनं. सलग तीन आठवडे एकाच ऑपरेटरचं नाव लागलं. त्याचं मशीन सगळ्यांत जुनं, हे मला ठाऊक होतं, तरी लिहिलं. पुढं तो शिफ्टच्या वीस मिनिटं आधी येऊन गेटबाहेर गाडीवर नुसता बसायचा, हेल्मेट डोक्यातच. भोंगा झाला की काढायचा. दिवाळीनंतर आलाच नाही. "पोरगं लेचंपेचं होतं," म्हणून मी मोकळा झालो.

रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकानं १९७९ मध्येच मांडलं होतं की बोजा मोठा आणि काम कसं करायचं हे ठरवायची मुभा नाही, ही जोडी माणसाला सगळ्यांत जास्त पोखरते. माझ्या वाचनात हे आलं रिटायर झाल्यावर.

तुझं बघ. वसुलीचं टार्गेट वरून येतं, रूट दुसराच ठरवतो आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर तळातल्या तिघांची नावं पडतात. माझाच फळा, मोबाइलवर आलेला. अवकाळीनं द्राक्षं गेली की तासगावकडचे हप्ते थकणारच. त्यात तू कुठं कमी पडलास?

टार्गेट कमी करा म्हणू नकोस, ते मॅनेजरच्याही हातात नसतं. दोनच गोष्टी माग. कुठल्या गावाला कधी जायचं ते मला ठरवू द्या, आणि माझा आकडा मला एकट्याला सांगा. कंपनी योगाचं शिबिर ठेवेल. जा खुशाल, त्यानं ग्रुप काही बंद होत नाही.

झोप आठ-पंधरा दिवस लागलीच नाही किंवा नको ते विचार यायला लागले, तर मात्र थांबू नकोस. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. मिरजेला डॉक्टरकडे जायचं तर मी सोबत येतो.

आणि मॅनेजरपुढं आवाज चढवू नकोस. दर सोमवारच्या मीटिंगला पडद्यावर माझ्या खात्याचा आकडा यायचा. तोही लालच असायचा.

तुझा,
काका