गिरणेच्या काठी सापडलेल्या दगडी पात्यांचं वय कार्बन डेटिंगने कळेल का?

तुम्ही विचारलंय की दरडीतून निघालेली छोटी दगडी पाती लॅबला पाठवली तर किती हजार वर्षं जुनी ते कळेल का. नुसती पाती पाठवून नाही कळणार. मी चाळीसगावकडचाच, पुरातत्त्वात एमए केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्बन डेटिंग चालतं ते कधीतरी जिवंत असलेल्या गोष्टीवर, म्हणजे कोळसा, हाड, शिंपला, जळकं धान्य वगैरे. जीव गेला की त्यातला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, घटायला लागतो, 5730 वर्षांत निम्मा, पुढच्या तेवढ्याच वर्षांत उरलेल्याचा निम्मा, असं करत 50,000 वर्षांच्या पलीकडे मोजण्यासारखं फारसं उरतच नाही. दगडात हा हिशोबच नाही. आपल्या काळ्या खडकाचं, म्हणजे बेसॉल्टचं, वय दुसऱ्या पद्धतीने निघतं, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, पण ते लाव्हा थंड झाला तेव्हाचं, माणसाने त्याचं पातं कधी काढलं त्याचं नाही.

म्हणून दगडासोबत त्याच थरात काय पडलंय ते बघतात. आपल्या तालुक्यातलं पाटणे घ्या, पाटणादेवीला सगळे जातात पण हे फार कमी जणांना माहिती असतं. तिथे 1970 च्या दशकात डॉ. एस. ए. साळींनी उत्खनन केलं तेव्हा दगडी हत्यारांबरोबर चक्क शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली, त्याचे मणी निघाले, आणि एका तुकड्यावर तिरप्या रेषा एकमेकींना छेदून कोरलेली नक्षी! कवचात कार्बन असतो त्यामुळे त्याचीच तारीख काढली, ती आली साधारण 25,000 वर्षं. ही कच्ची तारीख, 1950 पासून मागे मोजलेली. वातावरणातला कार्बन-14 दर काळात सारखा नसतो, ती दुरुस्ती केली की ती 29,000 च्या आसपास जाते.

पण ही तारीख अंडं घातलं तेव्हाची, कोरलं तेव्हाची नाही, कुणी जुनं कवच उचलून नंतरही कोरू शकतं. म्हणूनच वस्तूइतकाच थर महत्त्वाचा.

कोळसा-हाड काहीच नसेल तर ओएसएल करतात, म्हणजे मातीतल्या क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते काढायचं. त्यासाठी दरडीत स्टीलचा पाइप ठोकून आतली माती उजेड न लागू देता काढतात आणि लॅबमध्ये लाल दिव्यात उघडतात. आपल्याकडे बेसॉल्टमुळे क्वार्ट्झ कमी, त्यामुळे हे तितकं सोपं जात नाही.

तेव्हा प्लीज अजून पाती उकरू नका, आहेत ती धुवू नका. दरडीचा फोटो घ्या, बाजूला पट्टी ठेवून, कुठल्या थरातून निघाली ते दिसू द्या, लोकेशन सेव्ह करा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा, आणि हे लवकर करा, कारण वाळूसाठी जेसीबी लागला की दरड जाते आणि मग त्या पात्यांचं वय कुठलीच लॅब सांगू शकत नाही.